मानेमागची दांडी

लातूर, मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

अमरनाथा,

शरणु शरणार्थ. तू माझा फोन उचलणं बंद केलंस म्हणून कागदावर लिहून राहिले. उदगीरच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले होते, ते आज कामाला आलं. अक्षर वाकडं हाय, पण मी लई खुशीत हाय, म्हणून वाकडं असलं तरी पळतंय.

आधी तुझा हात. सूनबाईनं, अंबिकानं, शेजारणीच्या फोनवरून कळवलं की दोन बोटं आन् मनगटाजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात म्हणजे दुकानात कापड फाडता येत नसंल. मीटर धरायला कुणाला ठेवलंस? अंबिकाला बसव गल्ल्यावर. तुझ्यापेक्षा गोड बोलती, दोन साड्या जास्त जातील. आन् ती म्हणत होती, तू नांदेडच्या मार्केटात सगळ्यांना सांगतोस की न्हाणीत पाय घसरून पडलो. ते ऐकून मला जे हसू आलं, ते दामिनीनं येऊन पाठ चोळली तेव्हा थांबलं.

तू विचारणार न्हाईस म्हणून सांगते. तुझ्या लेकीच्या मानेला सात टाके पडले. ज्या दवाखान्यात ती नर्सिंग शिकती तिथंच नेली. रिक्षात माझं लुगडं मांडीपर्यंत भिजलं. पोरगी पालथी पडून होती, डॉक्टर सुई ओवता ओवता म्हणाला, "आज्जी, कशात अडकलं हे?"

मी म्हटलं, "दाराच्या कडीत."

आपोआप आलं तोंडात. विचार करावा लागला न्हाई. दामिनीनं पालथ्या पालथ्या मान वळवून माझ्याकडं बघितलं, डॉक्टर ओरडला हलू नको म्हणून, तरी बघतच राहिली. ते एक सोडलं तर मी खुशीत हाय.

तू अंबिकाला काय सांगितलंस माहीत न्हाई, म्हणून झालं ते लिहिते. तीपण वाचंल. श्रावणातला सोमवार होता. तू नांदेडहून सकाळच्या गाडीनं आलास, सोबत बेलाची पानं आन् पेढे. मी खोलीच्या कोपऱ्यात कारळाची चटणी कुटत बसले होते. दोन वर्षं झाली मला ह्या लातूरच्या खोलीत तू ठेवून, पोरीला रांधून घालायला आन् तिच्यावर नजर ठेवायला. रांधलं मी चांगलं. दामिनी तुझ्यासाठी चहा ठेवायला वाकली, तिच्या गळ्यात इष्टलिंगाचा दोरा दिसंना, तू म्हणालास, "लिंग कुठाय तुझं?"

ती म्हणाली, "दंडाला बांधलंय अप्पा."

"गळ्यातलं दंडाला कशापायी?"

आन् ती बोलायच्या आत तू तिच्या कुडत्याचा गळा मागून ओढलास. तिथं ती टोचलेली दांडी होती. करंगळीएवढी लांब, कातडीच्या आतून गेलेली, दोन्ही टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे वर आलेले. तू एकदा बघितलंस. मग एका गोळ्याखाली बोट घातलंस आन् ओढलंस.

आवाज झाला. नवं धडुतं फाडताना होतो तसा. तुला तो आवाज रोजचा हाय, मला न्हाई.

बत्ता माझ्या हातात आधीपासून होता, हे ध्यानात ठेव. मी तो आणायला गेले न्हाई. चटणी कुटत होते, उठले आन् तुझ्या मनगटावर घातला. एकच.

चटणी नंतर झाडून घेतली. चांगली झाली होती.

तुझी,
अव्वा


लातूर, गुरुवार, २८ ऑगस्ट

अमरनाथा,

तुझं पत्र न्हाई. बरं. मला बोलायला समोर कुणी हूं म्हणणारं लागत न्हाई, तुझ्या बापासंग सदतीस वर्षं काढली.

टाके निघाले. व्रण दोन बोटं लांब हाय, मधी जाड, सुतळीसारखा वर आलेला. मधी पू झाला होता, ताप चढला, चार दिवस ती वाट्टंल ते बोलत होती. एकदा म्हणाली, "अप्पा, हळू." झोपेतच. तिच्या मैत्रिणी पाळीपाळीनं येऊन मलमपट्टी करून गेल्या. चौघी येत, पाचवी नुसती बघायला. त्या आल्या की खोली भरून जाते, मी धपाटे लावत बसते. पोरी खातात बघ, ढोरासारख्या. मला फार बरं वाटतं.

आता दोन गोष्टी कबूल करते.

पहिली. तू म्हणत असशील, ह्या म्हातारीला कसं दिसलं न्हाई. मला दिसायचा सवालच न्हाई, मी सोबत गेले होते. जूनमधी एक दिवस दामिनी भाकरी खाता खाता म्हणाली, "आज्जी, मला मानेला टोचून घ्यायचंय." मी म्हटलं, "मानेला कुणी टोचतं का?" ती म्हणाली, "कान तुम्ही टोचले बाराव्या दिवशी. नाक आईनं टोचलं. मला कुणी विचारलंय का? ही एक जागा मी सांगीन." मी पुढचा घास होईस्तोवर विचार केला. मला खोट सापडली न्हाई.

गांधी चौकाच्या पलीकडं धम्मदीप म्हणून एक पोरगा हाय, गोंदतो आन् टोचतो. दुकान आपल्या देवघरापेक्षा चकचकीत. त्यानं आधी तिचं आधार कार्ड मागितलं, वय बघितलं, मग मला म्हणाला, "आज्जी, तुम्ही कोण?" मी म्हटलं, "पहारेकरी." त्यानं जांभळ्या पेनानं मानेवर दोन ठिपके काढले, आरसा धरून तिला दाखवले. समजावून सांगितलं, ही कानासारखी आरपार न्हाई, कातडीच्या खालून दांडी जाते, भरायला सहा महिने, आन् कधी कधी अंग तिला धरतच न्हाई, हळूहळू ढकलून बाहेर काढतं. "तसं झालं तर ओढायची न्हाई, माझ्याकडं यायचं." मग चिमट्यानं कातडी उचलली आन् सुई घातली. दामिनीनं माझा हात असा दाबला की बांगडी वाकली. ओरडली न्हाई. टिपूसभर रक्त.

नंतर हाल झाले. पालथं झोपायचं, दोन वेळा मिठाच्या पाण्यानं धुवायचं, टॉवेल अडकायचा, केस अडकायचे, कुडतं घालताना तर रोज एकदा "आई गं". खपली धरायची. सगळ्यात जास्त त्रास लिंगाच्या दोऱ्याचा. गाठ बरोबर दांडीवर घासायची. ती म्हणाली, "काढून ठेवू का थोडे दिवस?" मी म्हटलं, "अंगावरून उतरवायचं न्हाई. दंडाला बांध, आपले जुने शरण, संत लोक, बांधायचे." मीच बांधलं, माझ्या जुन्या खणाच्या पट्टीनं. तू ज्याच्यासाठी तिची मान फाडलीस ते लिंग तेव्हा तिच्या अंगावरच होतं, अमरनाथा. कुडत्याच्या बाहीत, चार बोटांवर.

आन् आणखी ऐक. तू यायच्या आठवडाभर आधी आम्ही धम्मदीपकडं गेलो होतो, कारण दांडी वर वर येऊन राहिली होती. कातडी पातळ होऊन आतलं लोखंड चमकायला लागलं होतं. तो म्हणाला, "अंगानं धरली न्हाई. महिनाभरात मी काढून देतो, ठिपक्यापुरता डाग राहील." दामिनी रडली थोडी, हौस होती तिची. महिनाभर, अमरनाथा. ती आपसूक निघणार होती.

त्या पोरानं मलापण चिडवलं, "आज्जी, तुम्हाला टोचायचं का?" मी म्हटलं, "मला टोचलेलं हाय," आन् गाल दाखवला. त्यानं बोट लावून बघितलं. म्हणाला, "हे तर मोठ्या सळईचं हाय."

तुला तर माहीतच हाय ते कशाचं. अंबिकाला त्यातलं खरं कारण माहीत न्हाई. तुझ्या लग्नात वीरभद्राच्या गुग्गुळाची मिरवणूक निघाली होती, देवाचा पुजारी पुरवंत तलवार नाचवत पुढं, आन् आपल्या घराची रीत अशी की थोरल्या पोरानं गालातून सळई घ्यायची. पुरवंतानं तुला हाक मारली. तू वाजंत्रीच्या टेम्पोमागं जाऊन ओकत होतास. तुझ्या बापाच्या कपाळावरची शीर मी बघितली. तो भर वरातीत नवरदेवाला हाणणार, हे मला कळलं. म्हणून मी पदर खोचून पुढं झाले, म्हटलं, "पोराला ताप हाय, माझ्या गालातून घाला." सळई ह्या बाजूनं गेली, जिभेला घासून त्या बाजूनं निघाली, तशीच देवळापर्यंत चालले. लोक म्हणाले, काय भक्ती. भक्ती कसली. मी तुझ्याकडं बघत चालले होते.

सुईला भ्यायलास म्हणून मी तुला कधी हिणवलं न्हाई. भ्यायला काही हरकत न्हाई. पण स्वतःच्या कातडीला इतकं भिणारा माणूस दुसऱ्याच्या कातडीत बोट घालतो, ते मला अजून कळत न्हाई.

दुसरी गोष्ट. बत्ता दोनदा मारला. पहिल्यानं तू तिला सोडलंस, तेवढं पुरे होतं. तू हात पोटाशी धरून खाली बसला होतास, तेव्हा दुसरा मारला. तो तुझा न्हाई, कुणा दुसऱ्याचा होता. त्याची चूक माझी, माफी माग म्हणशील तर मागते. पहिल्याची न्हाई.

अव्वा


लातूर, मंगळवार, ३० सप्टेंबर

अमरनाथा,

तुझा निरोप अंबिकाच्या तोंडून आला. बिचारी फोनवर रडत सांगत होती, मागं तुझा आवाज येत होता, "सांग तिला, सांग." मग तूच का न्हाई बोललास? असो.

झालं काय ते मला दामिनीकडून कळलं होतं. ती ड्यूटीवर परत रुजू झाली. दवाखान्यात पोरींना केसांचा अंबाडा करून जाळीत बांधावा लागतो, मान उघडी पडते. व्रण कुणाच्याही डोळ्यात भरतो. कंधारचे ईश्वरप्पा मूतखड्यासाठी भरती झाले, दरसालच्या दिवाळीला तुझ्याकडून घरादाराचं कापड नेतात ते. ती सलाईन लावायला गेली, त्यांनी ओळखलं. "तू अमरनाथअप्पाची ना गं? मानेला काय झालं बाई?" आन् ती म्हणाली, "अप्पांनी ओढलं." एवढंच. सलाईनचा थेंब मोजत मोजत म्हणाली. ईश्वरप्पा सुटी होऊन घरी पोचायच्या आधी बातमी नांदेडात.

आता तुझं म्हणणं असं. मी ईश्वरप्पाला फोन करायचा आन् सांगायचं की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, एसटीच्या खिडकीच्या पत्र्यात मान अडकली होती. दामिनीनंपण तसंच म्हणायचं. न्हाई तर दसरा झाला की रविवारी येऊन तिला घेऊन जाणार, कॉलेज बंद, देगलूरचं स्थळ बघून ठेवलंय. अंबिकाला विचारलं, "मुलगा काय करतो?" ती म्हणाली, "माहीत न्हाई अव्वा, त्यांनापण माहीत न्हाई."

तू मला हे सांगायला बरोबर बाई निवडलीस. ह्यात माझ्याएवढी तयार कुणी न्हाई. मी पायरीवरून पडलेय. मी आडाच्या काठावर घसरलेय. मला म्हशीनं शिंग मारलंय, तेव्हा आपल्याकडं म्हैस नव्हती. तुझ्या वेळेला सातव्या महिन्यात मी उंबऱ्याला अडखळले. कानाचा पडदा गेला तो काडी घालताना. सिद्रामप्पा, तुझे वडील, गेले तेव्हा लोक म्हणाले, दानम्मा, आता तुला कोण सांभाळणार, तू तर सारखी पडतीस. खरं सांगते, त्या दिवसापासून मी एकदाही पडले न्हाई.

तू हे सगळं बघितलंस. माजघराच्या दाराआड उभा राहून बघायचास, मग बाहेर जाऊन शेजारच्या वाणीणबाईला सांगायचास, "अव्वा पडली." मी शिकवलेलं. सात वर्षांचा होतास, काय सुंदर सांगायचास. आता पन्नाशीत न्हाणीत पडलास तरी तेच चालू हाय. तुझी चूक न्हाई, असं न्हाई म्हणत मी. पण माझीपण हाय, हे मला त्या डॉक्टरच्या टेबलाशी कळलं, दाराची कडी म्हणाले तेव्हा. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जसा तू माजघरातून बघायचास.

तर ईश्वरप्पाला मी फोन करणार न्हाई. एसटीचा पत्रा म्हणणार न्हाई. दामिनीला विचारलं, ती म्हणाली, "आज्जी, मी रोज वॉर्डात लोकांना विचारते, कुठं दुखतं, कशानं झालं. खरं सांगा म्हणते. मीच खोटं बोलू?"

रविवारी ये. एकटा ये. जेवायला कर म्हणशील तर उंडे करते, तुला आवडतात. पण तिला न्यायला येणार असशील तर न जेवता जाशील.

अव्वा


लातूर, सोमवार, ६ ऑक्टोबर

अमरनाथा,

तुझ्या गालाला दामिनीची नखं लागली ती धुऊन घे, कडुनिंबाचं पाणी कर. भीमाशंकरला म्हणावं दंड दाखवून घे डॉक्टरला, माणसाचा दात जनावरापेक्षा वाईट. बायकोच्या ह्या भावाला घेऊन आलास म्हणजे काय करणार होतास ते मला गाडीचं दार वाजलं तेव्हाच कळलं.

मी दारात उभी होते. तू म्हणालास, "अव्वा, बाजूला हो." मी म्हटलं, "न्हाई." तू मला हातानं लोटलंस. डावा हात होता, उजव्यात अजून जोर आला नसंल. चौकट माझ्या भुवईवर बसली. तुला वाटत असंल आईला लोटलं. मला वाटलं, चला, सिद्रामप्पा आले.

भीमाशंकरनं तिचा अंबाडा धरला आन् जिन्यावरून खाली ओढली, चौदा पायऱ्या. ती त्याच्या दंडाला जी चिकटली ती सोडंना. तू तिचे पाय धरलेस. तुझ्या पोटच्या पोरीला पोत्यासारखं नेत होतास, आन् तोंडानं म्हणत होतास, "बाई, ओरडू नको, लोक बघतात." लोकांनी बघावं म्हणूनच ती ओरडत होती. वरच्या मजल्यावरच्या पोरी भाताचं पातेलं घेऊन खाली आल्या, उकळतं. भीमाशंकरच्या पायावर अर्धा भात गेला, अर्धा जिन्यावर. तेव्हा कुठं तुम्ही तिला सोडून गाडीकडं पळालात. त्या पोरी उपाशी राहिल्या बिचाऱ्या, मग मी सगळ्यांना भाकरी केल्या. व्रण पुन्हा एका टोकाला उलला. माझ्या भुवईला तीन टाके. डॉक्टर तोच होता. म्हणाला, "आज्जी, आता काय झालं?"

मी म्हटलं, "लेकानं लोटलं. आन् मागच्या वेळी कडी नव्हती, ते पण त्याचंच बोट होतं. लिहून घे." त्यानं सुई खाली ठेवली आन् लिहून घेतलं.

पोलीस ठाण्यात दामिनीचा हात धरून मीच गेले. रिक्षावाला म्हणाला, "बसा आज्जी, पैसे नकोत," रक्त बघून घाबरला असंल. ठाण्यात एक बाई होती, वर्दीतली, तरणी, माहूरकडची, बोलायला मोकळी. तिनं आधी दामिनीचं सगळं लिहिलं, मग माझ्याकडं वळली. मी सुरुवातीपासून सांगितलं. धम्मदीप, मिठाचं पाणी, दंडाचं लिंग, तुझं बोट. मग म्हटलं, "ह्याच्या पुढं मी बत्ता मारला. दोनदा. दुसरा उगाच मारला." बाई थांबली. म्हणाली, "आज्जी, हे लिहिलं तर तुमच्यावरपण केस होईल." मी म्हटलं, "होऊ दे. एक बाजू खरी आन् एक गाळलेली, असला जबाब मला नको. तसले मी लई दिले." दामिनी म्हणाली, "आज्जीचंपण लिहा." बाईनं लिहिलं.

मग मी सिद्रामप्पांचं सांगायला लागले, पायरी, आड, म्हैस. बाईनं सगळं ऐकून घेतलं, पेन न उचलता. शेवटी म्हणाली, "ते वारलेत आज्जी, त्यांच्यावर घेता येत न्हाई." मी म्हटलं, "माहीत हाय बाई. घेऊ नको. पण तू ऐकलंस ना?" ती म्हणाली, "हाव." मला तेवढं बास झालं. बाहेर येऊन आम्ही दोघींनी रसवंतीत बसून उसाचा रस प्यायला, दामिनीनं दोन ग्लास. तिच्या मानेला पांढरी पट्टी, माझ्या कपाळाला पांढरी पट्टी, रसवाला म्हणाला, "मायलेकी का?" तिनं म्हटलं, "त्याहून जवळच्या." मी आयुष्यात इतकी खूश कधी नव्हते, हे तुला लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण वाटत न्हाई.

तुला कागद येईल. गुरुवारी अकरा वाजता ठाण्यात बोलावलंय, तुला, भीमाशंकरला आन् मलापण, बत्त्याचं विचारायला. दामिनीला यायची गरज न्हाई, तिची ड्यूटी हाय, ती ड्यूटीवर जाणार. कॉलेजच्या बाईंनी लिहून दिलंय की वीस वर्षांच्या पोरीला कुणी काढून नेऊ शकत न्हाई. देगलूरच्या लोकांना तूच कळव.

वकील आणायचा तर आण. तो म्हणंल, म्हातारीला नीट दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई. एका कानानं येत न्हाई, खरं हाय, ते कसं गेलं ते विचार म्हणावं.

मी तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसणार. वाचता येतं तेवढं वाचून बघितलंय, माझा जबाब साडेतीन पानं हाय, खाली माझी सही, दानम्मा, पूर्ण नाव, कानामात्रा बरोबर. बाई मोठ्यानं वाचून दाखवंल, मग विचारंल, हे असंच झालं का. मी हाव म्हणणार. मग तुला विचारंल. तेव्हा खाली बघू नकोस अमरनाथा. माझ्याकडं बघ आन् सांग काय झालं ते. माझं तुला एवढं एकच शिकवायचं राहिलं होतं.

अव्वा